धावपट्टी सुरक्षा म्हणजे काय? एका कुत्र्यामुळे विमान परत का फिरते?

१३ नोव्हेंबर २०२३ रोजी बेंगळुरूहून गोव्याला निघालेले विस्तारा कंपनीचे विमान दाबोळीपर्यंत पोहोचले, पण उतरले नाही. धावपट्टीवर भटका कुत्रा दिसला होता. नियंत्रकाने वैमानिकाला थोडा वेळ आकाशातच थांबण्यास सांगितले, तेव्हा वैमानिकाने बेंगळुरूला परतण्याचा निर्णय घेतला. दुपारी एकच्या सुमारास निघालेले प्रवासी तीननंतर पुन्हा बेंगळुरूत उतरले आणि दुसऱ्या फेरीत संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास गोव्यात पोहोचले. बनशंकरीहून बस पकडून, सगळे शहर ओलांडून देवनहळ्ळीचा विमानतळ गाठणाऱ्या कुटुंबाचा यात अख्खा दिवस जातो. एका कुत्र्यासाठी एवढे करायचे का, असे वाटणे साहजिक आहे.

उडान योजनेमुळे कोल्हापूर, नांदेड, जळगाव, सिंधुदुर्ग, बेळगाव अशा ठिकाणांहून अनेक जण पहिल्यांदाच विमानात बसत आहेत. त्यांच्यासाठी ही माहिती.

धावपट्टीवरील शिरकाव म्हणजे काय?

विमाने जेथे उतरतात किंवा उड्डाण घेतात ती पट्टी आणि तिच्या भोवतालची राखीव जागा येथे परवानगीशिवाय किंवा चुकीच्या वेळी कोणतेही विमान, वाहन, माणूस असणे याला धावपट्टीवरील शिरकाव, म्हणजे रनवे इन्कर्शन, म्हणतात. टक्कर झालीच पाहिजे असे नाही. नुसते तेथे असणे हीच गंभीर घटना मानली जाते व तिची चौकशी होते. जनावर शिरले तरी धोका तोच.

याचे कारण वेगात आहे. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून एअर इंडियाचे विमान दिल्लीला उड्डाण घेत होते. वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर झाला असताना समोर जीप आणि एक माणूस दिसला. या वेगाने विमान एका सेकंदात साठ मीटर कापते. ब्रेक लावून थांबायला पुरेसे अंतर नव्हते, म्हणून वैमानिकाने नेहमीपेक्षा लवकर विमान उचलले. शेपटीकडचा भाग धावपट्टीला घासला, पण विमान दिल्लीत सुखरूप उतरले. जीपमधल्यांचा आणि विमानातल्यांचा जीव वाचला तो काही सेकंदांच्या फरकाने. दाबोळीचा वैमानिक परत फिरला त्याचे उत्तर येथे मिळते.

चूक कोठे होते?

बहुतेक वेळा बोलण्यात आणि ऐकण्यात. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर आदळली आणि ५८३ जण मृत्युमुखी पडले. एका वैमानिकाला उड्डाणाची परवानगी मिळालीच नव्हती, पण मिळाली असे त्याला वाटले. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द नियंत्रक फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतो, आणि वैमानिकाने ती सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची असते. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण तिच्यावर शेकडो जीव अवलंबून असतात.

आपल्याकडेही असे प्रसंग आले आहेत. जानेवारी २०२२ मध्ये बेंगळुरूच्या दोन समांतर धावपट्ट्यांवरून इंडिगोची दोन विमाने जवळपास एकाच वेळी उडाली आणि हवेत एकमेकांच्या दिशेने येऊ लागली. रडारवरील नियंत्रकाच्या हे लक्षात आले व त्याने दोघांना वेगळ्या दिशांना वळवले. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते, त्यामुळे तेथे गर्दी फार. ८ जून २०२४ रोजी तेथे एअर इंडियाचे विमान धावपट्टी सोडण्यापूर्वीच मागे इंडिगोचे विमान उतरले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू करून संबंधित नियंत्रकाला कामावरून दूर केले.

विमान धावपट्टीच्या तोंडाशी थांबते तेव्हा खिडकीतून पाहिल्यास जमिनीवर पिवळ्या रेषा आणि बाजूला लाल फलकावर पांढरी अक्षरे दिसतील. त्या रेषेपुढे परवानगीशिवाय जाता येत नाही. काही ठिकाणी तेथे लाल दिव्यांची रांगही असते. उतरता उतरता विमान अचानक पुन्हा वर गेले, तरी घाबरू नये. धावपट्टी मोकळी नसली की असेच करायचे असते.

आपण काय काळजी घ्यावी?

लहान विमानतळांवर विमानापर्यंत चालत जावे लागते. आखलेल्या मार्गानेच चला, मुलांचा हात धरा, फोटोसाठी बाजूला जाऊ नका. वाऱ्याने उडालेली टोपी किंवा पिशवी आणायला धावू नका, कर्मचाऱ्याला सांगा.

विमानतळाजवळ राहणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे. विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरे कापणे किंवा पक्षी आणि प्राणी आकर्षित होतील असा कचरा टाकणे हा गुन्हा आहे. कुंपण कितीही उंच असले, तरी पलीकडे कोंबडीच्या दुकानातला कचरा पडत असेल तर कुत्री वाट शोधतातच आणि घारी तर कुंपण मानतच नाहीत. असा कचरा दिसल्यास ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा विमानतळ कार्यालयाला कळवा. कुंपणाला भगदाड दिसले तरीही कळवा. गुरे त्या बाजूला मोकळी सोडू नका.

अशा कारणाने उशीर झाला तर?

अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत प्रवासात दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल आणि तुम्ही वेळेत चेक-इन केले असेल, तर खाण्यापिण्याची सोय विमान कंपनीने करायची असते. ती मागायला संकोच करू नका. मात्र कारण कंपनीच्या हाताबाहेरचे असेल, तर रोख भरपाई मिळत नाही. सोय नाकारली गेल्यास आधी कंपनीकडे आणि नंतर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी तिकीट आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.