पोर्ट १११ च्या पलीकडे: मेनफ्रेमवरच्या आरपीसीविषयी

मेनफ्रेम म्हणजे जगापासून तुटलेलं बेट, तिथे रिमोट प्रोसिजर कॉल म्हणजे आरपीसी कसली चालणार, असं नव्याने आलेली मुलं बिनधास्त म्हणतात. पण मेनफ्रेमवर चालणाऱ्या आयबीएमच्या झेड/ओएससोबत टीसीपी/आयपी येतंच आणि सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात रुळवलेली आरपीसीही येते. अडचणी असतात, पण वेगळ्याच ठिकाणी.

पहिली पोर्टमॅपरची. सगळी ये-जा पोर्ट १११ वरून होते असं समजून फायरवॉलमध्ये तेवढंच पोर्ट उघडलं जातं आणि मग सेवा का चालत नाही म्हणून डोकं धरून बसायची वेळ येते. पोर्टमॅपर ही एसटी स्थानकातली चौकशीची खिडकी आहे: फलाट सांगते, गाडीत नेऊन बसवत नाही. प्रत्येक सेवेला क्रमांक असतो (एनएफएसचा १००००३, खुद्द पोर्टमॅपरचा १०००००). सेवा सुरू होताना आपलं पोर्ट तिथे नोंदवते, क्लायंट ते विचारून घेतो आणि पुढचं बोलणं थेट त्या पोर्टवर होतं. म्हणून सेवेला ठरावीक पोर्ट द्यावं आणि तेही फायरवॉलमध्ये उघडावं.

टीसीपी/आयपीच्या प्रोफाइल फाइलमध्ये १११ हे पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी राखून ठेवलं आणि आपोआप सुरू करायच्या सेवांच्या यादीत, म्हणजे ऑटोलॉगमध्ये, पोर्टमॅपरचं नाव घातलं की काम संपलं, असंही वाटतं. पण पोर्टमॅपर बंद करून पुन्हा चालू केला की जुन्या नोंदी जातात. सेवा चालूच दिसते, फक्त ती कुणाला सापडत नाही. अशा वेळी सेवाही पुन्हा सुरू करावी लागते.

मग एक्सडीआर, म्हणजे आरपीसीत माहिती ज्या ठरावीक साच्यात पाठवली जाते तो साचा. आकड्यांची अदलाबदल बिनबोभाट होते, कारण एक्सडीआर आणि मेनफ्रेम दोघंही मोठा बाइट आधी ठेवतात. चाचणीत आकडे बरोबर आले की सगळंच बरोबर असल्याचा भ्रम होतो. अक्षरांचं तसं नाही. ‘ए’ हे अक्षर मेनफ्रेमच्या एबसिडिकमध्ये सी१ असतं, बाकीच्यांच्या अॅस्कीमध्ये ४१. ग्राहकाचं नाव ‘ओपेक’ प्रकारात टाकलं तर एक्सडीआर त्याला हातही लावत नाही आणि पलीकडे कचरा उमटतो. अपूर्णांकांतही खोच आहे. १९६४ च्या सिस्टिम/३६० पासून इथे सोळाच्या पायाची पद्धत चालत आली, एक्सडीआरला मात्र आयईईईची लागते. प्रोग्राम कोणत्या पद्धतीने कंपाइल झालाय ते आधीच बघून ठेवावं.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा गैरसमज निराळाच आहे: दूरचा कॉल हा आपल्याच प्रोग्राममधल्या कॉलसारखा असतो. झेरॉक्स पार्कच्या बिरेल आणि नेल्सन यांनी १९८४ च्या प्रसिद्ध निबंधात आरपीसीची मांडणी केली ती दूरचा कॉल स्थानिक कॉलइतका सोपा व्हावा म्हणून. लिहायला तो सोपा झालाही, पण बिघडण्याची तऱ्हा बदलली. समजा, खात्यातून पाच हजार वजा करा, असा यूडीपीवरून कॉल गेला. मेनफ्रेमने पैसे वजा केले आणि उत्तर वाटेत हरवलं. क्लायंट थोडा थांबून तोच निरोप पुन्हा पाठवतो आणि पैसे दोनदा वजा होतात. शिल्लक विचारणारा कॉल कितीदाही करा, बिघडत नाही. वजाबाकीचं तसं नाही. टीसीपी घेतलं की सुटलो, हेही खरं नाही. उत्तर येण्याआधी जोडणी तुटली तर काम झालं की नाही हे क्लायंटला कळतच नाही. उपाय जुनाच आहे. प्रत्येक व्यवहाराला क्लायंटने स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक व वजाबाकी डीबी२ डेटाबेसमध्ये एकाच कमिटमध्ये नोंदवावी. तोच क्रमांक पुन्हा आला तर मेनफ्रेम आधीचं उत्तर परत देतो. आरपीसीच्या शीर्षकात एक ओळखक्रमांक असतो खरा, पण तो उत्तराची प्रश्नाशी जुळणी करण्यासाठी. त्यावर पैशांचा हिशेब सोडू नये.

मेनफ्रेमची सुरक्षाव्यवस्था रॅकएफ आहे म्हणजे आपण सुरक्षित, असंही ऐकू येतं. पण आरपीसीच्या जुन्या युनिक्स पद्धतीत वापरकर्त्याचा क्रमांक क्लायंट स्वतःच सांगतो, पुरावा काहीच देत नाही. पुराव्याची भक्कम सोय १९९७ मध्ये आरपीसीसेक-जीएसएसने आली.

आणि आरपीसीइन्फो या तपासणीच्या आज्ञेने सेवेला हाक मारली, ओ मिळाली, म्हणजे सगळं ठीक? ती हाक शून्य क्रमांकाच्या प्रोसिजरला जाते आणि ती रिवाजाने काहीच करत नाही. मागे डीबी२ बंद असला तरी ओ येतेच.