सोक्षमोक्षातला मोक्ष

शिरड शहापूरला मल्लिनाथांचं दिगंबर जैन तीर्थक्षेत्र आहे. मल्लिनाथ हे 19 वे तीर्थंकर. जैन दर्शन 7 तत्त्वं मानतं आणि त्यातलं शेवटचं मोक्ष, म्हणजे कर्मबंधातून जिवाची कायमची सुटका. आता देवळातून निघून या मुलखातल्या कुठल्याही शिवारात जा. धुऱ्यावरून भावकीत वाद पेटलेला असला, की कुणीतरी हमखास म्हणणार, "मोजणी आणा अन् काय तो एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ द्या!"

एवढा मोठा शब्द बांधाच्या भांडणात उतरला कसा?

संस्कृतातला 'मुच्' धातू म्हणजे सोडणं. मुक्ती त्यातून आली, मोक्ष त्यातून आला, आपलं रोजचं 'मोकळा'ही त्याच कुळातलं. मग 'सोक्ष' कोण? एकटा तो आपल्या तोंडी कधी येत नाही. आजूबाजूतला 'आजू', अदलाबदलीतला 'अदला', आमनेसामनेतला 'आमने' यांच्यासारखाच तो मला वाटतो. अर्थ दुसऱ्या शब्दाचा, आणि पहिला त्याला ठेका धरून देतो.

सोक्षमोक्षासोबत येणारे शब्दही ऐकण्यासारखे आहेत. 'काय तो', 'एकदाचा'. भांडणाच्या पहिल्या दिवशी सोक्षमोक्षाची भाषा कुणी करत नाही. वाद कुजलेला लागतो, माणसं थकलेली लागतात. लढाईच्या तयारीपेक्षा सुटकेची तहान या शब्दात जास्त आहे.

निकालाच्या इतर शब्दांशी तो ताडून पाहा. इंग्रजीतला 'शोडाउन' पत्त्यांच्या डावातून आला. पोकरमध्ये शेवटी डावात उरलेले सगळे आपापली पानं उघडी करतात, तो क्षण. म्हणजे तिथे लपवलेलं उघडं पडतं. जत्रेतली निकाली कुस्ती वेगळी, कुणाची तरी पाठ मातीला लागल्याशिवाय ती सुटत नाही. आणि 14 जानेवारी 1761 च्या पानिपतच्या लढाईनंतर मराठीला मिळालेला शब्द तर सरळ हरणाऱ्याचाच: 'पानिपत झालं'.

सोक्षमोक्षात मात्र जिंकलं कोण, हरलं कोण, याचा पत्ताच नाही! 'तड लागली' म्हणतो तेव्हाही तसंच. तड म्हणजे काठ, आणि काठाला लागते ती अख्खी नाव, भांडणाऱ्या दोघांनाही घेऊन.

मोजणी होते, हद्दीचा दगड रोवला जातो. हातभर जमीन इकडे गेली की तिकडे, हे ज्याला विचारायचं त्याला वेगळं विचारावं लागतं.