पिवळा कण दिसला, पुढे काय?

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत 1893 साली पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन सोबत्यांना सोनं सापडलं. त्या भागात आजही एकटेदुकटे शोधक हिंडतात. गारगोटीच्या शिरेत पिवळा कण चमकला की नेमका तोच तुकडा तपासणीला पाठवायचा मोह होतो. फसगत इथेच. शिरेला आडवा चर खणायचा आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सारख्या जाडीची पट्टी काढून घ्यायची, सोनं दिसो वा न दिसो. त्यातला थोडा दगड लोखंडी खलात कुटून थाळीत पाण्याने घोळवला की तळाशी पिवळी रेघ उरते. किंवा उरत नाही! बाकीचा नमुना प्रयोगशाळेला.

मग हिशेब. शीर अर्धा मीटर रुंद, 20 मीटर लांब, 10 मीटर खोल धरली तर दगड भरतो साधारण 265 टन. टनाला 10 ग्रॅम पडले, तर सोनं अडीच किलोच्या थोडं वर. त्यातून खोदाई, वाहतूक, दळण वजा. शिवाय खोली आपण नुसती धरलेली. वर दाट दिसणारं सोनं खाली विरळ होऊ शकतं. दोन-तीन चरांचे आकडे जुळेपर्यंत यंत्र भाड्याने आणू नका.