तेल पिणारें एंजिन

चंदगडहून आंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भरलेल्या ट्रकच्या मागें आपली मोटार अडकली, कीं त्याच्या नळींतून येणारा निळसर धूर पाहून आपण कांचा वर चढवितों आणि ड्रायव्हरला मनांतल्या मनांत दोन शब्द सुनावतों. तो निळसर धूर म्हणजे जळालेलें वंगण. डिझेल जाळण्यासाठींच विकत घ्यावयाचें असतें. वंगणाचें तेल मात्र धातूवर धातू घासूं नये म्हणून घातलेलें असतें. तें कां जळतें, आणि ज्याचा संसार त्या एका ट्रकवर चालला आहे त्यानें अशा वेळीं काय करावें, एवढेंच आज सांगणार आहें.

माझ्या ओळखीचे चंदगडचे एक ट्रकमालक ऊस वाहतात. त्यांचा ट्रक ६ लाख किलोमीटर धांवलेला. गळीत हंगाम ऐन भरांत असतां त्यांच्या ध्यानांत आलें, कीं दर दोन-तीन दिवसांनीं तेलाचा डबा उघडावा लागत आहे. एका मेस्त्रीनें सांगितलें, ‘एंजिन आजच उतरवा’. दुसऱ्यानें सांगितलें, ‘जाड तेल घाला आणि विसरा.’ कारखान्यांचें गाळप साधारण कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत चालतें, आणि तेवढ्या दिवसांत जें मिळेल त्यावर पावसाळा काढावयाचा. एंजिन उतरविलें तर फेऱ्या बुडणार. न उतरविलें तर भरल्या गाडीसह वाटेंत अडकण्याची भीति. माझ्या मतें दोन्ही मेस्त्री चुकले होते, कारण तेल नक्की किती जातें हें दोघांपैकीं एकानेंही विचारलें नव्हतें.

तें मोजणें सोपें आहे. गाडी सपाट जागीं उभी करावी, एंजिन बंद करून दहा मिनिटें थांबावें, म्हणजे वर चढलेलें तेल खालच्या चेंबरमध्यें उतरतें. मग पट्टी पुसून, पुन्हा बुडवून पाहावी, आणि किती किलोमीटरला किती तेल भरलें हें वहींत लिहावें. सर्वसाधारण ठोकताळा असा, कीं १०० लिटर डिझेलमागें अर्ध्या लिटरपर्यंत तेल गेलें तर जुन्या एंजिनाच्या मानानें तें क्षम्य समजावें. लिटरला ४ किलोमीटर जाणारा ट्रक १,००० किलोमीटरांत २५० लिटर डिझेल घेतो; त्याला सव्वा लिटर तेल लागलें तर चिंता नको. आमच्या मित्रांच्या वहींत ३ लिटर निघालें. उलट, ज्या एंजिनांतील तेल वाढतांना दिसतें त्याच्या मालकानें अधिक घाबरावें. तेथें बहुधा डिझेल झिरपून तेलांत मिसळत असतें, आणि असें पातळ झालेलें तेल बेअरिंगें सांभाळूं शकत नाहीं.

तेल जातें तें बाहेर गळून किंवा आंत जळून. गळती शोधण्यास रात्रीं गाडीखालीं जुना पुठ्ठा पसरावा. मात्र कांहीं गळती एंजिन चालूं असतांनाच होते. म्हणून खालची बाजू धुऊन, एक फेरी करून, मग कोठें ओल दिसते तें पाहावें.

जळण्याचें मुख्य ठिकाण म्हणजे पिस्टनच्या रिंगा. त्या बहुधा तीन असतात. वरच्या दोन मुख्यत्वें वायूचा दाब रोखतात. खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचें तेल निपटून परत खालीं पाठविते, आपल्या घरीं फरशीवरचें पाणी रबरी पट्टीनें ओढतात तसें. तरीही एक अतिशय पातळ थर मागें राहावाच लागतो, नाहींतर पिस्टन भिंतीला चिकटेल. त्या थरांतलें थोडें तेल जळतेंच. रिंग झिजली, काजळीनें खांचेंत अडकली, किंवा लायनरची भिंत झिजली, कीं हा थर जाड होतो.

ही झीज आपण वयाच्या खात्यावर लिहून मोकळे होतों. पण मोठा चोर धूळ आहे. या भागांतली तांबडी माती पावसाळ्यांत चिखल होऊन बसते, आणि पुढें उसाच्या फडाकडे जाणाऱ्या प्रत्येक कच्च्या वाटेवर उडूं लागते. हवेच्या फिल्टरपासून एंजिनाकडे जाणारी रबरी नळी बोटभर जरी चिरली, तरी एंजिन ती धूळ न गाळतां ओढतें, आणि ती तेलांत मिसळून पॉलिश-पेपरासारखी भिंत घासते. आमच्या मित्रांच्या ट्रकवर नेमकी अशीच चीर सांपडली, क्लिपेच्या आड. नव्या रिंगा बसवून ती नळी तशीच ठेवली असती, तर पैसा मातींत गेला असता.

धूर केव्हां येतो यावरूनही पुष्कळ कळतें. पहांटे एंजिन सुरू करतांच निळा लोट येऊन लवकर विरला, तर तेल व्हाल्व्हच्या दांड्यांजवळून ठिबकलें असावें. आंबोलीच्या चढणीवर सतत निळा धूर येत राहिला, तर संशय रिंगांवर घ्यावा. टर्बो असल्यास त्याच्याकडून येणाऱ्या हवेच्या नळींत तेलाचें थारोळें नाहीं ना, तें आधीं पाहावें. काळा धूर डिझेलचा असतो. त्याचा दोष वंगणाला देऊं नये. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागूं झाले. त्यानंतरच्या बहुतेक ट्रकांच्या नळींत काजळी अडविणारी गाळणी असते. तेथें धूर दिसेलच असें नाहीं, आणि जळालेल्या तेलाची राख त्या महागड्या गाळणींत सांचत जाते. अशा गाडीला वहीवांचून गत्यंतर नाहीं.

जाड तेलानें खप थोडा उतरतो, परंतु झिजलेली भिंत भरून येत नाहीं, आणि थंड सकाळीं तें वरपर्यंत पोंचण्यास वेळ लागतो. उत्पादकानें दिलेल्या मर्यादेंत एक पायरी जाड तेल घालण्यास हरकत नाहीं. चमत्कारी बाटल्यांवर माझा विश्वास नाहीं. वरच्या खुणेपलीकडे तेल भरून ठेवण्याची संवयही वाईट. तें घुसळलें जाऊन फेसाळतें आणि अधिकच जळतें.

एंजिन जाम होतें तें तेल पितें म्हणून नव्हे, तेल खालच्या खुणेखालीं जातें म्हणून. खप स्थिर आहे, दाब ठीक आहे, सकाळीं एंजिन लगेच सुरू होतें, अशी स्थिति असेल तर रोज पट्टी पाहून भर घालावी व हंगाम पार पाडावा. खप आठवड्यागणिक वाढत असेल, ब्रीदरमधून जोरानें धूर येत असेल, किंवा तापलेल्या एंजिनाच्या तेलाचा दाब पडत असेल, तर मात्र फेऱ्या बुडाल्या तरी एंजिन उतरवावें.

आमच्या मित्रांनीं नळी बदलली, केबिनमध्यें तेलाचे दोन डबे ठेवले आणि हंगाम काढला. चंदगडचा पाऊस सुरू होतांच एंजिन उतरविलें. मेस्त्री नुसत्या रिंगा बदलणार होता. परंतु झिजलेल्या लायनरमध्यें नव्या रिंगा नीट बसत नाहींत, म्हणून पिस्टन-लायनरचा संचच घातला. पुढें गाडी दारांत तासन्‌तास रिकामी चालूं ठेवण्याचा त्याचा बेत होता, तोही मोडला. कारण ओझ्यावांचून रिंगांवर पुरेसा दाब येत नाहीं आणि त्या बसण्यापूर्वींच भिंत गुळगुळीत होते. मध्यम ओझें घालून गाडी बेळगांवपर्यंत नेली-आणली, आणि वहींत नवें पान काढलें.