यकृतात उरलेला तेलाचा पुरावा

पक्ष्यांच्या यकृतात ‘सायटोक्रोम पी४५० १ए’ हे विकर (एन्झाइम) असते. कच्च्या तेलातील काही हायड्रोकार्बन, डायॉक्सिन किंवा पीसीबी शरीरात गेले, की यकृत हे विकर जास्त प्रमाणात तयार करते.

■ घटना : २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्झॉन वाल्डीझ’ हा टँकर अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळला. सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडले.

■ साक्षीदार : हार्लेक्विन हे समुद्री बदक. दर हिवाळ्यात ते बहुधा त्याच किनाऱ्यावर परतते आणि उथळ पाण्यातल्या गोगलगायी, खेकडे खाते.

■ तपासणी : बदकाला भूल देऊन यकृताचा बारीक तुकडा काढतात, विकराची क्रियाशीलता मोजतात आणि पक्षी सोडून देतात.

■ निष्कर्ष : २०११ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनंतरही, तेल लागलेल्या किनाऱ्यांवरील बदकांत ही पातळी जास्त होती. २०१३ च्या तपासणीत फरक उरला नव्हता.

■ अर्थ : वाढलेले विकर म्हणजे आजार नव्हे, तो विषारी द्रव्यांशी आलेल्या संपर्काचा पुरावा आहे. किनारा वरून स्वच्छ दिसला, तरी गोट्यांखाली दडलेले तेल अन्नात उतरत राहते. म्हणून गळतीनंतरची देखरेख काही वर्षांत आटोपती घेता कामा नये.