जमिनीचे साडेआठ हजार मतदार

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर आणि आमदार २८८. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याचा ट्रेगर हा मतदारसंघ जवळपास ४ लाख २८ हजार चौरस किलोमीटरचा, आणि आमदार एक! अख्खा महाराष्ट्र त्यात ठेवला तरी विदर्भाहून मोठा तुकडा शिल्लक राहील.

माउंट आयझा या खाणीच्या गावापासून चार्टर्स टॉवर्सपर्यंत रस्त्यानं साधारण पावणेआठशे किलोमीटर. उत्तरेला बर्कटाउन, नॉर्मनटन थेट कार्पेंटेरियाच्या आखातालगत. तिथं पावसाळ्यात पूर आला की रस्ते आठवडेच्या आठवडे बंद. उरलेला बहुतेक भाग गुरं चारण्याचा. एवढ्या मुलखात मतदार तीस हजारांच्याही आत. आपल्या आमदाराच्या वाट्याला सरासरी तीन लाखांहून जास्त येतात.

मतदारसंघाचं नावही अंतराशी झगडलेल्या माणसाचं आहे. अल्फ्रेड ट्रेगरनं १९२९ च्या सुमारास पायानं चालवायचा रेडिओ बनवला. टेबलाखाली सायकलसारखी पायंडलं. ती मारली की वीज तयार होणार, आणि हात मोकळे असल्यामुळे मोर्स संदेश पाठवता येणार. मोर्स शिकायचा कुणी? मग त्यानं टंकलेखन यंत्रासारखा कळफलक जोडला. अक्षर दाबा, ठिपके-रेघा यंत्र पाहून घेईल. शेकडो किलोमीटरवरच्या घरातली बाई अशी पाय मारत डॉक्टरला बोलावू लागली. तो डॉक्टर विमानानं यायचा. ही उडती वैद्यकीय सेवा १९२८ मध्ये क्लॉनकरीत सुरू झाली, आणि क्लॉनकरीही याच मतदारसंघात.

पण खरी गंमत मतदारसंघ आखण्याच्या गणितात आहे. क्वीन्सलँड विधानसभेच्या जागा ९३. प्रत्येक जागेची मतदारसंख्या सरासरीच्या दहा टक्के पुढे-मागे असावी, असा दंडक. ट्रेगरची माणसं मोजली तर तो त्यात बसतच नाही. मग १९९२ च्या निवडणूक कायद्यात एक तोड काढली आहे: मतदारसंघ एक लाख चौरस किलोमीटर किंवा त्याहून मोठा असेल, तर क्षेत्रफळाच्या आकड्याच्या दोन टक्के इतके काल्पनिक मतदार खऱ्यांत मिळवायचे. ट्रेगरला असे सुमारे साडेआठ हजार मिळतात. आपल्याकडे यादीत बोगस नावं सापडली की बोंब उठते. तिथं ती कायद्यानंच धरलेली! अर्थात ती फक्त सीमा आखताना. मतपेटीत त्यांचं काही पडत नाही.

ही सवलत मला तरी रास्त वाटते, कारण आधीचा प्रकार फारच वाईट होता. १९४९ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारनं राज्याचे विभाग पाडले आणि शहराबाहेरच्या भागांत कमी मतदारांवर जागा दिल्या. पुढे जो ब्येल्के-पीटरसन यांच्या सरकारला हेच पथ्यावर पडलं. मतांचं वजन सरकारच्या सोयीनं ठरायचं; नव्या नियमात निदान ते जमिनीच्या मोजणीवर ठरतं.

गणिताला एक मजेदार शेपूटही आहे. माणसं गाव सोडून गेली की तूट भरायला सीमा बाहेर सरकवावी लागते. सीमा सरकली की क्षेत्रफळ वाढतं, आणि वाढलेल्या दर शंभर चौरस किलोमीटरमागे दोन काल्पनिक मतदार आपोआप मोजणीत धरले जातात. त्या पट्ट्यात एकही घर नसलं तरी.