दाखला सिंगापूरचा, माल दुबईला

१९८९ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या चांदवडच्या पेठेत कर्ण्यावरून एकच शब्द कानी आदळत होता, बोफोर्स! आपल्याच जिल्ह्यात, देवळालीला, लष्कराची तोफखान्याची शाळा. त्यामुळे तोफ म्हणजे काय ते आम्हाला नव्याने सांगायला नको होते. मार्च १९८६ चा सुमारे १,४३७ कोटींचा सौदा, ६४ कोटींच्या दलालीचा आरोप, मग सत्तांतर, हे घरोघरी ठाऊक आहे. राजीव गांधींवरील लाचेचा आरोप दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केला, हे मात्र थोड्यांना ठाऊक.

पण वाचकहो, ज्या स्वीडनने ती तोफ बनवली, तिथेही याच कंपनीने एक वेगळे प्रकरण घडवले होते. १८१४ नंतर स्वीडन युद्धात उतरला नव्हता. युद्ध चालू असलेल्या किंवा तणावाच्या प्रदेशात शस्त्रे विकायची नाहीत, असे त्याचे धोरण होते. आणि या कंपनीचे एके काळचे मालक कोण? शांततेचे पारितोषिक ठेवून गेलेले आल्फ्रेड नोबेल!

बोफोर्सला विमानविरोधी क्षेपणास्त्रे दुबई, बहारीनला विकायची होती. परवानगी मिळणार नव्हती. मग कागदोपत्री गिऱ्हाईक दाखवले सिंगापूर आणि माल पुढे आखातात गेला. आम्ही कारकून माणसे. आवक-जावकाच्या वहीत एका गावाचे नाव लिहून माल दुसऱ्याच गावी उतरवला तर काय होते, ते आम्हाला कळते. खोटा दाखला कोणीतरी टंकलेला असतो, कोणीतरी सही केलेली असते, आणि बाजूच्या टेबलावरच्याला ते ठाऊक असते.

तिथे बाजूच्या टेबलावर इंगवार ब्रॅट नावाचा इंजिनिअर होता. त्याने कागद शांततावादी संघटनेकडे पोचवले. संघटनेने १९८४ मध्ये पोलिसांत तक्रार दिली. कारखान्यावरच ज्या गावाचे पोट, तिथे हे करणे सोपे नव्हते. नोकरी त्याने सोडली. पुढे १५ जानेवारी १९८७ रोजी शस्त्रनिर्यातीवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी आल्गेर्नोन स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेखाली सापडून मेले. अपघात, आत्महत्या की घातपात, ते कधीच उलगडले नाही.

१९८९ मध्ये कंपनीचे माजी अधिकारी दोषी ठरले, पण तुरुंगात कोणी गेले नाही. १९९० मध्ये मात्र कायदा झाला की मालकाचा गंभीर गुन्हा उघड करणे म्हणजे धंद्याचे गुपित फोडणे नव्हे. तिकडे लोक त्याला ब्रॅटचाच कायदा म्हणतात.

आपल्याकडे असा कायदा २०१४ मध्ये संमत झाला. तो लागू करण्याची अधिसूचना मात्र वर्षानुवर्षे निघाली नाही.